एक विद्यार्थी असला तरी पुरे : कोलंबियातले जपानी गुरुजी

आमच्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जपानी भाषेच्या एका प्राध्यापकावर लेख कशाला, असा प्रश्न बऱ्याच वाचकांना पडेल. पडायलाच पाहिजे. हुपरी कुठं, न्यूयॉर्क कुठं आणि जपान कुठं! पण हा लेख लिहायचं आम्ही ठरवलं त्याचं कारण आमच्या विहारातच घडलं. ते आधी सांगतो.

विहारात दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरतो. गाथांचा अर्थ, थोडं पालीचं व्याकरण, थोडा इतिहास, असं त्याचं स्वरूप. सुरुवातीला वीस-पंचवीस पोरं यायची, सतरंजी पुरायची नाही. पुढं दहावीचे क्लास आले, क्रिकेट आलं, मोबाईल आला. शिवाय हुपरीत रविवार म्हणजे सगळ्यांना सुट्टी, असं काही नसतं. चांदीच्या कामाची घाई असली की घरातली सगळी माणसं पैंजणाला घुंगरू लावायला बसतात, त्यात पोरंही आलीच. संख्या घटत घटत सातवर आली, मग तीनवर, आणि एका पावसाळ्यात एकच मुलगी उरली. ती मात्र वही घेऊन वेळेवर हजर. शिकवणारे दोघं आणि शिकणारी एक!

कमिटीच्या बैठकीत विषय निघालाच. एक ज्येष्ठ म्हणाले, "एका पोरीसाठी दर रविवारी विहार उघडून बसायचं व्हय? सध्या बंद ठेवा वर्ग, पुढच्या वर्षी बघू." आम्हीही मान डोलावली होती, हे इथं कबूल करतो. त्याच सुमारास आमच्यापैकी एकाच्या वाचनात अमेरिकेतले जपानी साहित्याचे थोर अभ्यासक डोनाल्ड कीन यांच्या विद्यार्थिदशेची हकिकत आली. त्यात त्यांच्या गुरुजींचं नाव होतं, र्‍युसाकु त्सुनोदा. आणि ज्या विद्यापीठात हे गुरुजी शिकवत होते त्याचं नाव वाचल्यावर आम्ही सगळेच सावरून बसलो. ते होतं कोलंबिया विद्यापीठ.

माणगाव आणि कोलंबिया

कोलंबिया हे नाव आपल्या भागाला परकं नाही. आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे (एकोणतिसावे चालू असलेले) डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज स्वतः त्या परिषदेला आले आणि हाच तुमचा पुढारी, असं त्यांनी लोकांना सांगितलं. माणगावच्या त्या मंडपात उभ्या राहिलेल्या तरुणाची विद्या कोलंबियात घडलेली होती. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी तिथल्याच एका अभ्यासमंडळात वाचला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले.

पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, चाळिशीचा एक जपानी शिक्षक न्यूयॉर्कला आला. चुकामूक झाली ती एका वर्षाची. तोच हा त्सुनोदा. जॉन ड्यूई यांच्या व्याख्यानांचा बाबासाहेबांवर केवढा परिणाम झाला ते आपण जाणतो. ते ड्यूई तेव्हा कोलंबियातच शिकवत होते आणि १९१९ मध्ये ते स्वतः तोकिओच्या विद्यापीठात व्याख्यानं द्यायला गेले होते. म्हणजे न्यूयॉर्क आणि आशिया यांच्यामध्ये विद्येची ये-जा त्या काळात चालू झाली होती. एका टोकाला माणगाव होतं, दुसऱ्या टोकाला जपानमधलं एक खेडं.

खेड्यातून होनोलुलूला

त्सुनोदांचा जन्म १८७७ सालचा, जपानच्या गुन्मा प्रांतातल्या त्सुकुदा नावाच्या गावचा. गुन्मा म्हणजे रेशमाचा मुलूख. जपान सरकारने १८७२ मध्ये तोमिओका येथे रेशमाची मोठी गिरणी काढली ती याच प्रांतात. आपल्याकडं हुपरीचं नाव चांदीवरून घेतात, तसं तिकडं गुन्माचं नाव रेशमावरून.

तोकिओला जाऊन त्यांनी ज्या विद्यालयात शिक्षण घेतलं तेच पुढं वासेदा विद्यापीठ म्हणून नावारूपाला आलं. १८९६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि लगेच दुसऱ्या वर्षी, अवघ्या विशीत, त्यांनी इहारा साइकाकु या सतराव्या शतकातल्या लेखकावर पुस्तक लिहिलं. हा साइकाकु ओसाका शहरातला. राजेरजवाडे सोडून व्यापारी, पेढीवाले, कर्जबाजारी, पैशासाठी धडपडणारी साधी माणसं यांच्या गोष्टी त्याने लिहिल्या. नंतर त्सुनोदांनी बेंजामिन किड या इंग्रज लेखकाच्या समाजाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाचं जपानीत भाषांतर केलं. म्हणजे आपल्या मातीतला लेखक आणि परदेशातला विचार, दोन्हीकडं या तरुणाचं लक्ष होतं.

पोटासाठी मात्र शाळामास्तरकीच केली. क्योतोच्या होंगान्जी या बौद्ध संघाच्या शाळेत आणि इतर गावच्या शाळांत त्यांनी शिकवलं. १९०९ मध्ये हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात ते मुख्याध्यापक म्हणून गेले. ती शाळाही होंगान्जी संघाचीच होती.

हवाईत जपानी माणसं कशी पोचली, हे आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांना चटकन कळेल. तिथं उसाचे प्रचंड मळे होते, मालक गोरे. १८८५ पासून जपानी मजूर करारावर तिथं जाऊ लागले. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, मुकादमाचं ऐकायचं. त्या मजुरांबरोबर त्यांचा धम्म गेला, पाठोपाठ भिक्खू गेले, आणि विहाराला लागून पोरांसाठी शाळा निघाल्या. आईबाप मळ्यात राबणारे, पोरं जपानी विसरत चाललेली, इंग्रजी अजून नीट येत नाही, अशा पोरांपुढं त्सुनोदा उभे राहिले. पुढच्या काळात विद्वान म्हणून जो माणूस गाजला, तो आधी मजुरांच्या पोरांचा मास्तर होता, हे विसरून चालणार नाही.

नोकराच्या पैशातून सुरू झालेली विद्या

कोलंबियात पूर्व आशियाच्या विद्येचा पाया कुणी घातला, ही हकिकतही सांगण्यासारखी आहे. डीन लुंग नावाचा एक चिनी गृहस्थ एका श्रीमंत अमेरिकनाच्या घरी नोकर होता. १९०१ मध्ये त्याने आयुष्यभर साठवलेले १२,००० डॉलर विद्यापीठाला देऊन टाकले आणि चिनी विद्येचं अध्यापन सुरू करा, असं कळवलं. त्या काळात अमेरिकेत चिनी मजुरांना येऊ न देण्याचा कायदा होता. ज्यांना देशात नको म्हणत होते त्यांच्यातल्याच एका घरगड्याने देशातल्या मोठ्या विद्यापीठाला दान दिलं! त्याच्या मालकानेही मग त्यात मोठी भर घातली. चीनच्या सरकारने ग्रंथ पाठवले, अध्यापक नेमले गेले, ग्रंथालय सुरू झालं.

चीनची सोय झाली, जपानची नव्हती. ती त्सुनोदांनी केली. न्यूयॉर्कमधल्या जपानी लोकांच्या संस्थेचं काम करता करता त्यांच्या मनानं घेतलं की अमेरिकन माणसाला जपान कळायचा असेल तर इथं जपानी ग्रंथ पाहिजेत. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते त्यासाठी जपानला गेले. पन्नाशीचा माणूस दारोदार ग्रंथ मागत फिरला. उद्योगपतींकडून मदत मिळवली, राजघराण्याच्या खात्याकडून ग्रंथ मिळवले, पेट्या भरून न्यूयॉर्कला आणल्या. तो संग्रह कोलंबियात आला आणि त्सुनोदा त्याचे ग्रंथपालही झाले व अध्यापकही झाले. आज कोलंबियाचं पूर्व आशियाई ग्रंथालय जगातल्या नामांकित संग्रहांत मोजलं जातं. त्यातला जपानी विभाग या मास्तरांच्या पेट्यांवर उभा आहे.

हे वाचताना आम्हाला साहजिकच बाबासाहेबांचे ग्रंथ आठवले. १९१७ मध्ये लंडनहून परत येताना त्यांनी सामान वेगळ्या जहाजाने पाठवलं होतं. युद्ध चालू होतं, ते जहाज बुडवलं गेलं आणि ग्रंथ समुद्रात गेले. त्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून ग्रंथ जमवले आणि त्यांच्यासाठी दादरला राजगृह बांधलं. ग्रंथांची अशी ओढ असलेली माणसं कुठल्याही देशात जन्मली तरी एकाच घराण्यातली वाटतात.

फळा भरलेला, बाक रिकामे

आता ज्या प्रसंगासाठी हा सगळा खटाटोप केला तो प्रसंग.

१९४१ सालचा शरद ऋतू. डोनाल्ड कीन हा ब्रुकलिनचा मुलगा, वय एकोणीस. घरची परिस्थिती बेताची, शिष्यवृत्तीवर शिकणारा. १९४० मध्ये टाइम्स चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात त्याला गेन्जीची कथा या हजार वर्षांपूर्वीच्या जपानी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर ४९ सेंटला मिळालं होतं. एवढं जाडजूड पुस्तक एवढ्या स्वस्तात, म्हणून त्याने घेतलं! युरोपात युद्ध पेटलं होतं, वर्तमानपत्र उघडावंसं वाटत नव्हतं. अशा वेळी त्या पुस्तकाने त्याला वेड लावलं. जपानी शिकायचं त्याने ठरवलं आणि त्सुनोदांच्या जपानी विचारांच्या इतिहासाच्या वर्गात नाव घातलं.

पहिल्या दिवशी वर्गात गेला तर तो एकटाच. जपानशी अमेरिकेचे संबंध बिघडत चालले होते, कोण कशाला जपानी शिकेल? पोराला संकोच वाटला. माझ्या एकट्यासाठी एवढ्या मोठ्या विद्वानाने कशाला त्रास घ्यायचा, वर्ग रद्द केला तर बरं, असं त्याने सुचवलं. त्यावर गुरुजींनी सांगितलं की एक विद्यार्थी असला तरी पुरे.

हे तोंडदेखलं बोलणं नव्हतं. कीन सांगतात की दर तासाला ते वर्गात जायचे तेव्हा फळा आधीच लिहून भरलेला असायचा. बरेचसे उतारे चिनी लिपीतले, कीनना तेव्हा नीट वाचताही येत नव्हते. ते नुसते उतरवून घ्यायचे. टेबलावर ग्रंथांची चळत असायची. पोराने काही विचारलंच तर उत्तर देताना हाताशी असावेत म्हणून गुरुजी ते उचलून आणत. चौसष्ट वर्षांचा माणूस, एक विद्यार्थी, आणि तयारी मात्र भरल्या सभागृहाची! पुढं आणखी दोन विद्यार्थी आले. तीन झाले म्हणून गुरुजींनी तयारी वाढवली नाही, कारण ती कधी कमी केलेलीच नव्हती.

इथं आम्ही वाचायचं थांबलो आणि एकमेकांकडं बघितलं. आमच्या रविवारच्या वर्गाला पोरं कमी झाली तशी आमची तयारीही कमी झाली होती. एक पोरगी तर आहे, सांगू आयत्या वेळी काहीतरी, असं मनात यायचं. पोरं का गळाली याची कारणं आम्ही क्रिकेटमध्ये आणि मोबाईलमध्ये शोधत होतो. फळ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

शत्रूच्या देशातला माणूस

७ डिसेंबर १९४१. रविवार होता. जपानी विमानांनी हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. ज्या बेटावर त्सुनोदांनी मजुरांची पोरं शिकवली त्याच बेटावर त्यांच्या मायदेशाने बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी कीन वर्गाला गेले तर गुरुजी नाहीत. त्यांना शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून नेलं होतं.

इथं एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चोवीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढूनही ते परकेच का राहिले? तर जपानमध्ये जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायला कायद्यानेच बंदी होती. बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्या वर्णाच्या आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांनाच तो हक्क. १९२२ मध्ये एका जपानी गृहस्थाचा आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या आपल्या पंजाबी माणसाचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून फेटाळला. भारतीयांवरची बंदी १९४६ मध्ये उठली, जपान्यांवरची १९५२ मध्ये. म्हणजे आधी कायद्याने परकं ठेवायचं आणि मग परका म्हणून पकडायचं! जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. चवदार तळ्याचं पाणी कुणाला बंद होतं आणि कशावरून, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गुरुजींची चौकशी झाली. कीन यांनी सांगितलेली आठवण अशी की कुत्रा बरोबर न घेता लांब लांब फिरायला जातात, हा त्यांच्यावरचा एक संशय होता. फिरायला जाणाऱ्या माणसाबरोबर कुत्रा नाही, म्हणजे तो हेर असणार! ऐकून हसू येतं. पण त्यांच्यापुढं प्रश्न आयुष्याचा होता. अखेर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली आणि ते परत कोलंबियात शिकवायला आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांचं नशीब इतकंही चांगलं नव्हतं. फेब्रुवारी १९४२ च्या हुकमाने तिथल्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं, शेती, दुकानं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून त्याबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले.

ज्या देशाने पकडलं त्याच देशाच्या पोरांना हा माणूस परत शिकवायला लागला. मनात अढी ठेवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण वर्गातल्या पोराने आपलं काय वाकडं केलंय, असा त्यांचा हिशेब असावा असं आम्हाला वाटतं.

सेन्सेई

जपानीत शिक्षकाला सेन्सेई म्हणतात. अक्षरशः अर्थ, आधी जन्मलेला. आपण थोरला म्हणतो तसंच. कोलंबियात जपानी आणखीही काही जणांनी शिकवलं, पण नुसतं सेन्सेई म्हटलं की कोण, हे विचारावं लागत नसे. ते नाव त्सुनोदांचंच होऊन गेलं होतं.

युद्ध चालू असताना कीन नौदलात जाऊन जपानी शिकले. रणांगणावर मेलेल्या जपानी शिपायांच्या रोजनिश्या वाचायचं काम त्यांच्याकडं आलं. ज्याला शत्रू म्हणायचं त्याची घरची आठवण, भूक, भीती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ते परत त्याच गुरुजींपुढं येऊन बसले. त्यांच्यासारखे सैन्यातून आलेले आणखीही होते. आता वर्ग भरला होता. विद्यार्थ्यांनी जुनं दरबारी साहित्य मागितलं, बौद्ध साहित्य मागितलं, साइकाकुच्या काळातलं साहित्य मागितलं. सत्तरीच्या घरातल्या गुरुजींनी ते सगळं शिकवलं.

त्यांच्या नावावर इंग्रजीत ग्रंथ थोडेच. प्राचीन चिनी इतिहासग्रंथांत जपानविषयी काय लिहिलंय याचं भाषांतर १९५१ मध्ये निघालं. आणि १९५८ मध्ये जपानी विचारपरंपरेतल्या मूळ उताऱ्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यावर त्सुनोदा, विल्यम थिओडोर डी बेरी आणि डोनाल्ड कीन अशी तीन नावं आहेत. एक गुरुजी, दोन त्यांचे शिष्य. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेली टिपणं हाच त्या ग्रंथाचा पाया. कुकाई, होनेन, शिन्रान, दोगेन, निचिरेन या जपानी बौद्ध आचार्यांचे विचार इंग्रजी वाचणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांपुढं त्या ग्रंथामुळं आले. त्याच मालेत त्याच वर्षी भारतीय परंपरेवरचाही ग्रंथ निघाला.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना सन्मानाची एलएल. डी. दिली. त्या वर्षी सेन्सेई पंचाहत्तर वर्षांचे होते. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच विद्यापीठाने त्यांनाही सन्मानाची डॉक्टरेट दिली. वरच्या पदव्या न मिळवलेला, हवाईतून आलेला, एकदा पकडला गेलेला हा मास्तर अखेर डॉक्टर झाला. निवृत्त झाल्यावरही त्यांचं शिकवणं सुटलं नव्हतं. १९६४ मध्ये मायदेशी जायला निघाले असताना वाटेत होनोलुलूला त्यांचा अंत झाला. मास्तरकीचा परदेशातला पहिला वर्ग जिथं घेतला, तिथंच प्रवास थांबला.

त्या एकट्या विद्यार्थ्याचं काय झालं? कीन १९५५ पासून २०११ पर्यंत कोलंबियातच शिकवत राहिले. जपानी साहित्याचा साद्यंत इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. २००८ मध्ये जपानने त्यांना संस्कृतीचा सर्वोच्च सन्मान दिला. २०११ च्या भूकंपानंतर परदेशी लोक जपान सोडून जात होते, तेव्हा नव्वदीला टेकलेला हा माणूस तिकडं कायमचा राहायला गेला आणि २०१२ मध्ये जपानचा नागरिक झाला. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी तोकिओत त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत ते आपल्या सेन्सेईंचं नाव घेत राहिले.

आपल्याकडचा दाखला

असे गुरुजी आपल्याकडं झाले नाहीत असं नाही. गोव्यातल्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी सिलोनला गेले, ब्रह्मदेशात गेले, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमार्गाच्या संपादनाला बसले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पाली घेणारे तेव्हा किती असणार? मोजकेच. पण त्या मोजक्यांतून पु. वि. बापट निघाले, ना. के. भागवत निघाले. बापटांनी पालीवर भागलं नाही म्हणून चिनी भाषा शिकून घेतली, कारण भारतात हरवलेले ग्रंथ चिनी भाषांतरात शिल्लक होते. विनयपिटकावरच्या एका अट्ठकथेचं चिनी रूप त्यांनी अकिरा हिराकावा या जपानी पंडितांबरोबर इंग्रजीत आणलं, ते १९७० मध्ये पुण्याला प्रसिद्ध झालं. एका मराठी माणसाच्या छोट्या वर्गाची ओळ अशी जपानपर्यंत जाऊन भिडली.

आणि बाबासाहेब स्वतः? राज्यघटनेपासून पक्षापर्यंत सगळा व्याप सांभाळून ते पालीचा कोश आणि व्याकरण लिहीत बसले होते. ते काम त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये छापून आलं. त्या वेळी त्यांच्यापुढं एकही विद्यार्थी बसलेला नव्हता. पुढं कधीतरी कुणी बसेल, या भरवशावर ते लिहीत होते.

आज पुण्या-मुंबईत पुष्कळ मुलंमुली जपानी शिकतात. बहुतेक नोकरीसाठी, आणि त्यात वाईट काही नाही. पोट भरलं पाहिजे. पण कुठल्याही भाषेचं, विद्येचं झाड आधी एखाद्याच्या हट्टावरच जगतं. बाजार नंतर येतो.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही परत कमिटीपुढं गेलो. त्सुनोदांची गोष्ट सांगितली. ज्येष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमचं म्हणणं, वर्ग चालू ठेवायचा. ठेवा की मग! पण त्या जपानी मास्तरासारखी तयारी करून या. नुसत्या गप्पा मारायला विहार उघडायचा नाही." वर्ग बंद करायचा विषय तिथंच संपला.

पुढच्या रविवारी आम्ही अर्धा तास आधी गेलो. फळा पुसला आणि धम्मपदातल्या चार शब्दांची फोड लिहून ठेवली. मुलगी आली, फळ्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, आज कोण पाहुणे येणार हायत काय?" आम्ही म्हटलं, "नाही. तुझ्यासाठीच आहे." ती काही बोलली नाही. खाली बसून सगळं उतरवून घेतलं तिनं.

पुढं ती आपल्या चुलत बहिणीला घेऊन आली. नंतर दोन मुलं आली, त्यातला एक अधूनमधून दांडी मारतो. पंचवीस पोरं परत आलेली नाहीत, आणि ती येतील असा आमचा दावाही नाही. पण फळा आता रिकामा नसतो.

वर्ग रविवारी सकाळी दहाला भरतो. ज्यांना आपली मुलं पाठवायची असतील त्यांनी जरूर पाठवावीत. मोठ्यांनी यायलाही हरकत नाही. एकच जण आला तरी वर्ग होईल.